आठातले हरवलेले चौघे

जुलै १९०८. लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियममध्ये ऑलिंपिकचे सामने चालू आहेत. मैदानात एक जाड दोर पसरलेला आहे आणि त्याच्या एका टोकाला अमेरिकेचे आठ गडी उभे आहेत. त्यांत जॉन फ्लॅनगन आहे, लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये हातोडाफेक जिंकलेला. राल्फ रोझ आहे, गोळाफेकीतला ऑलिंपिक विजेता, सहा फुटांहून कितीतरी उंच आणि अंगापिंडाने तसाच भरलेला. मॅट मॅकग्राथ आहे, हातोडाफेकीत फ्लॅनगनच्या मागोमाग दुसरा आलेला. मनगटाच्या आणि खांद्याच्या ताकदीत या माणसांना तोड देणारे त्या काळात जगात मोजकेच असतील. दोराच्या दुसऱ्या टोकाला लिव्हरपूलचे पोलीस शिपाई आहेत. त्यांच्यापैकी एकाचंही नाव क्रीडाजगताला माहीत नाही.

इशारा झाला आणि काही सेकंदांत अमेरिकेचा संघ फरफटत पलीकडे गेला.

अमेरिकनांनी तिथल्या तिथे हरकत घेतली. पोलिसांच्या पायांत लोखंडी कडांचे जड बूट आहेत, आपण साध्या बुटांवर खेळतो आहोत, हा सामना बरोबरीचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पोलीस रोजच्या गस्तीला घालतात तेच बूट घालून आले आहेत, असं सांगून संयोजकांनी हरकत फेटाळली. अमेरिकेचा संघ पुढचा डाव न खेळताच निघून गेला. सुवर्णपदक सिटी ऑफ लंडन पोलिसांनी जिंकलं, रौप्य लिव्हरपूल पोलिसांनी आणि कांस्य लंडनच्याच मेट्रोपोलिटन पोलिसांच्या 'के' डिव्हिजनने. तिन्ही पदकं एका देशाच्या पोलीस खात्यात गेली.

बुटांबद्दलची तक्रार अगदीच खोटी नव्हती. रस्सीखेचीत बुटाला फार मोल असतं, ते पुढे येईलच. पण जगातले सर्वांत ताकदवान आठ जण एकत्र आणले म्हणजे जगातला सर्वांत ताकदवान संघ तयार होत नाही, ही गोष्ट त्या काही सेकंदांत लंडनच्या प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिली. त्यामागचं गणित एका फ्रेंच माणसाने त्याआधीच मांडायला घेतलं होतं.

रिंगेलमानचा दोर

माक्सिमिलियाँ रिंगेलमान हा शेतीअवजारांचा अभियंता. बैल, घोडे, माणसं आणि यंत्रं यांच्याकडून ओढण्याचं काम किती होतं हे मोजणं हा त्याचा विषय. १८८०च्या दशकात त्याने माणसांना दोर ओढायला लावला आणि दोराला ताण मोजणारं उपकरण जोडलं. आधी एकेकट्याने ओढायचं, मग दोघांनी, तिघांनी, असं करत आठ जणांपर्यंत. १९१३ साली त्याने हे निष्कर्ष छापले. एका माणसाचा जोर १०० धरला, तर दोघांत मिळून तो २०० व्हायला हवा; भरला १८६. चौघांत ४०० ऐवजी ३०८. आणि आठ जणांत ८०० ऐवजी जेमतेम ३९२. म्हणजे दोराला आठ माणसं लागली, पण कामाला आली चारच. उरलेल्या चौघांचा जोर गेला कुठे?

त्याचं एक उत्तर साधं आहे. आठ जण एकाच क्षणी जोर लावत नाहीत. एक ओढतो तेव्हा दुसरा श्वास घेत असतो, तिसऱ्याचा पाय सरकलेला असतो, चौथा किंचित तिरका ओढत असतो. दुसरं उत्तर मनाचं आहे. १९७४ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग वेगळ्या रीतीने केला. दोर धरणाऱ्याचे डोळे बांधले आणि तुझ्या मागे आणखी माणसं ओढत आहेत असं त्याला भासवलं. प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता. तरीही त्याचा जोर कमी झाला. मागे कुणीतरी आहे एवढ्या नुसत्या समजुतीने माणूस नकळत हात सैल सोडतो.

रस्सीखेच हा खेळ म्हणून ज्यांनी गांभीर्याने घेतला, त्यांची सगळी मेहनत या हरवलेल्या चौघांना परत आणण्यासाठी चाललेली असते.

जमीन कुणाची?

दोर ज्याच्या हातात जोर जास्त त्याच्याकडे जातो, असं बघणाऱ्याला वाटतं. पदार्थविज्ञान वेगळं सांगतं. ताणलेला दोर दोन्ही टोकांना सारख्याच ताकदीने ओढत असतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातून त्याला सुटका नाही. जिंकणारा संघ दोराला हरणाऱ्यापेक्षा जास्त ओढत नसतो. तो जमिनीला जास्त ढकलत असतो.

घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. गुळगुळीत फरशीवर एका धडधाकट माणसाला पायमोजे घालून उभं करावं आणि समोर रबरी तळाचे बूट घातलेला शाळकरी मुलगा ठेवावा. मुलगा त्या माणसाला सहज ओढून नेईल. दंडातली ताकद तळपायाखालून निसटून जाते. जमीन आणि पाय यांच्यातलं घर्षण जेवढं, तेवढाच जोर दोरापर्यंत पोचतो. आणि घर्षण वाढतं ते वजनाने. म्हणूनच या खेळात कुस्तीसारखे वजनी गट आले. फरक इतकाच की इथे एकेका गड्याचं वजन न बघता आठांचं मिळून वजन बघतात.

दुसरी बाब शरीराच्या कलाची. सराईत गडी दोर धरून मागे रेलतो तेव्हा त्याचं शरीर टाचेपासून डोक्यापर्यंत फळीसारखं सरळ आणि जमिनीकडे खूप झुकलेलं असतं. टाच हा टेकू. शरीराचं वजन त्याला मागे पाडू पाहतं, दोराचा ताण पुढे खेचू पाहतो आणि या दोन ओढींच्या मध्ये तो तोललेला राहतो. अंग जितकं खाली, तितका त्याच्या वजनाचा वाटा दोरावर जास्त पडतो. नवखा गडी ताठ उभा राहून दंडांनी ओढतो आणि अर्ध्या मिनिटात त्याचे हात भरून येतात. सराईताचे हात जवळजवळ सरळ असतात. हात म्हणजे दोराला अडकवलेले दोन आकडे. ढकलण्याचं काम मांड्या, पोटऱ्या आणि कंबर करतात, कारण शरीरातले सर्वांत दमदार स्नायू तिथे आहेत.

चार मीटरचं अंतर

आता एक आंतरराष्ट्रीय सामना जवळून पाहू.

हिरवळीवर एकच आडवी रेघ आखलेली आहे. दोर किमान साडेतेहतीस मीटर लांब, जाडीचा घेर १० ते १२.५ सेंटिमीटर. म्हणजे मूठ मिटली तर बोटं जेमतेम एकमेकांना टेकतील इतका. दोरावर गाठ नाही, फास नाही. मधोमध लाल खूण, तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार मीटरवर पांढरी आणि पाच-पाच मीटरवर निळी. पहिला गडी निळ्या खुणेच्या लगेच मागे दोर धरतो. समोरच्याची पांढरी खूण रेघ ओलांडून आपल्या बाजूला आली की डाव जिंकला. तीनपैकी दोन डाव जिंकणारा संघ विजयी.

सामन्याआधी सगळ्यांचं वजन झालेलं असतं आणि प्रत्येकाच्या अंगावर शाईचा शिक्का उमटवलेला असतो, म्हणजे ऐनवेळी दुसराच भारी गडी दोराला लागू नये. पुरुषांचा एक प्रमुख गट ६४० किलोंचा, म्हणजे सरासरी ८० किलोंचा गडी. महिलांच्या ५४० किलोंच्या गटात हीच सरासरी साडेसदुसष्ट किलोंवर येते. एक गडी ९० किलोंचा घ्यायचा असेल, तर दुसरा कुणीतरी ७० किलोंचा शोधावा लागतो. स्पर्धेच्या आठवड्यात ताटातली भाकरी मोजण्याची वेळ इथे कुस्तीगिरांइतकीच येते.

हातमोजे चालत नाहीत. मैदानी सामन्यात तळव्यांना राळ लावायची परवानगी असते. दोन्ही तळवे वरच्या बाजूला, दोर काखेतून अंगाला चिकटून गेलेला. बुटांना अणकुचीदार खिळे नकोत; टाचेला लोखंडी पट्टी चालते, पण तिची जाडी साडेसहा मिलिमीटरांपेक्षा जास्त नको आणि ती टाचेच्या कडांशी सपाट बसायला हवी. लिव्हरपूलच्या बुटांवरून १९०८ साली जो वाद पेटला, तो आता मिलिमीटरांत मोजून मिटवलेला आहे.

पंचांची पहिली आज्ञा होते, 'पिक अप द रोप'. सोळा जण दोर उचलतात. 'टेक द स्ट्रेन'. आता प्रत्येक जण एक टाच जमिनीत रोवतो, दोर ताठ होतो, लाल खूण रेघेवर येऊन थरथरू लागते. 'स्टेडी'. मैदान शांत. पंच खूण स्थिर होण्याची वाट पाहतात. मग 'पुल'.

बघायला आलेल्या नवख्याला पुढचा भाग चकवतो. दोर हलतच नाही. सोळा माणसं जमिनीला समांतर व्हावीत इतकी झुकलेली, दोर काठीसारखा कडक आणि लाल खूण रेघेवरच. दोन्ही संघ एकमेकांचा दम बघत असतात. बाजूने प्रशिक्षक चालतो, कधी वाकून, कधी गुडघ्यावर बसून. संघाच्या पाठी त्याच्याकडे नसतात, चेहरे असतात, आणि तो त्या चेहऱ्यांवरून वाचत असतो की कोण थकला आहे. समोरच्या संघातल्या एखाद्याने पाय बदलला, खांदा किंचित उचलला, की तो हात खाली करून ओरडतो. आठ टाचा एकाच क्षणी उचलल्या जातात आणि वीतभर मागे रुततात. दोर वीतभर सरकतो. पुन्हा थांबणं. पुन्हा आवाज. कधीकधी असा एक डाव कित्येक मिनिटं चालतो आणि संपल्यावर गवतावर टाचांनी खणलेल्या चऱ्या उरतात.

शेवटच्या गड्याला अँकर म्हणतात. फक्त त्यालाच दोर अंगावरून घ्यायची मुभा असते. काखेखालून, पाठीवर तिरका, दुसऱ्या बाजूच्या खांद्यावरून पुढे आणि पुन्हा काखेखालून मागे, असा दोर त्याच्या अंगावरून जातो. गाठ मात्र मारायची नाही, म्हणजे प्रसंग आला तर त्याला सुटता यावं. दोर सरळ रेषेत राहतो की नागमोडी होतो हे बरंचसं त्याच्यावर अवलंबून असतं. दोर डावी-उजवीकडे हलला की जोर वाया जातो.

चुकांची यादीही मोठी आहे. खाली बसायचं नाही. पाय सोडून शरीराचा दुसरा कुठलाही भाग जमिनीला टेकवून राहायचं नाही. दोर हातांनी चढत-चढत ओढायचा नाही. दोराला कुठेही अडकवून धरायचं नाही. सुरुवातीच्या आज्ञेआधी खड्डे खणायचे नाहीत. दोनदा ताकीद मिळाली आणि तिसरी चूक झाली की डाव गेला. शाळेच्या मैदानावर जे डावपेच हुशारीचे म्हणून खपतात, त्यांतले बहुतेक इथे चूक ठरतात.

पाच ऑलिंपिक आणि नंतरची चाळीस वर्षं

ऑलिंपिकमध्ये रस्सीखेच पाच वेळा झाली आणि तीही मैदानी खेळांचा, म्हणजे धावणं-फेकण्याच्या स्पर्धांचाच एक भाग म्हणून. १९०० साली पॅरिसमध्ये दोनच संघ होते. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्या सहा जणांच्या मिश्र संघाने फ्रान्सला हरवलं. त्या संघात एक गडी कमी पडला म्हणून सामन्याची बातमी द्यायला आलेल्या एडगर आब्ये या डॅनिश पत्रकाराने दोर धरला आणि तो ऑलिंपिक विजेता म्हणून घरी गेला. १९०४ साली सेंट लुईसमध्ये पाच जणांचे संघ होते आणि तिन्ही पदकं अमेरिकेतल्या क्लबांना मिळाली. १९०८ची गोष्ट वर आलीच. १९१२ साली स्टॉकहोममध्ये पाच देशांनी नावं दिली, मैदानावर मात्र स्वीडन आणि ब्रिटन हे दोघेच उतरले. यजमान जिंकले. १९२० साली अँटवर्पमध्ये ब्रिटनने सुवर्ण परत मिळवलं.

सिटी ऑफ लंडन पोलिसांतले फ्रेडरिक हम्फ्रीज, एडविन मिल्स आणि जेम्स शेफर्ड हे तिघे १९०८, १९१२ आणि १९२० या तिन्ही ऑलिंपिकमध्ये दोराला होते. दोन सुवर्ण आणि एक रौप्य. मध्ये पहिलं महायुद्ध येऊन गेलं, बारा वर्षं उलटली, तरी तेच तिघे. बारा वर्षांत माणसाच्या दंडातला जोर वाढत नाही. पण एकमेकांच्या श्वासाची सवय वाढत जाते, आणि ती सवय या खेळात स्नायूंइतकीच कामाला येते.

अँटवर्पनंतर ऑलिंपिकच्या कार्यक्रमाची काटछाट झाली आणि त्यात रस्सीखेच गेली. ती पुन्हा आली नाही. पोलीस दलं, सैन्याच्या तुकड्या, स्कॉटलंडचे डोंगराळ भागातले मेळावे, स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या 'सोकातिरा'च्या स्पर्धा, स्वित्झर्लंड आणि आयर्लंडमधले शेतकऱ्यांचे संघ यांनी हा खेळ जिवंत ठेवला. शेतावर काम करणाऱ्यांना तो जवळचा वाटावा यात नवल नाही. ओझं उचलणं, ओढणं, चिखलात पाय रोवून उभं राहणं हे त्यांच्या रोजच्या दिवसाचंच काम.

१९५८ साली इंग्लंडमध्ये रस्सीखेचीची स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि १९६० साली आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला, ज्याला 'ट्विफ' या आद्याक्षरांनी ओळखतात. त्यामागे ब्रिटन आणि स्वीडनचा पुढाकार होता. १९६५ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये पहिली युरोपीय स्पर्धा झाली आणि १९७५ साली नेदरलँड्समध्ये पहिली जागतिक स्पर्धा. महिलांच्या जागतिक स्पर्धा १९८६ पासून सुरू झाल्या. ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांसाठी १९८१ साली अमेरिकेत सांता क्लारा इथे 'वर्ल्ड गेम्स' भरले, त्यात रस्सीखेच पहिल्यापासून आहे. १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने महासंघाला मान्यता दिली. टोकियो ऑलिंपिकमध्ये नवे खेळ घ्यायचे ठरलं तेव्हा २०१५ साली अर्ज करणाऱ्या २६ संघटनांमध्ये रस्सीखेचही होती. पहिल्या चाळणीतच ती बाहेर पडली. ऑलिंपिकच्या नोंदीत या खेळाचा शेवटचा विजेता म्हणून ब्रिटनचं नाव आहे ते १९२०चं आहे.

तैपेईच्या मुली

मैदानावर गवत असतं तसा बंदिस्त सभागृहात रबरी गालिचा अंथरलेला असतो. तिथे टाच रुतत नाही, बुटाच्या रबरी तळाची पकडच सगळं करते. या प्रकारात आशियाई संघ पुढे आले, आणि त्यांत तैवानच्या मुलींचं नाव आधी घ्यावं लागतं.

तैपेईतल्या चिंगमेई मुलींच्या माध्यमिक शाळेने रस्सीखेचीचा संघ उभारला. शाळकरी वयातल्या मुली रोज दोराशी तासन्‌तास घालवत. राळेने चिकट झालेल्या तळव्यांवर आधी फोड, मग फोडांवर घट्टे, मग घट्ट्यांवर पुन्हा राळ. २०१० साली या शाळेतल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेतल्या जागतिक स्पर्धेत यश मिळवलं आणि त्यांची गोष्ट तैवानभर झाली. २०१३ साली तिच्यावर चित्रपटही आला. त्याच वर्षी कोलंबियातल्या काली शहरात भरलेल्या वर्ल्ड गेम्समध्ये महिलांच्या ५४० किलो बंदिस्त प्रकारात 'चिनी तैपेई' या नावाने उतरलेल्या तैवानच्या संघाने सुवर्णपदक जिंकलं.

हे संघ सराव कसा करतात हे पाहिलं की रिंगेलमानचं कोडं पुन्हा आठवतं. दर वेळी समोर दुसरा संघ मिळत नाही. म्हणून एक उंच चौकट उभारतात, तिच्यावर कप्पी बसवतात आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला शेकडो किलोंचं वजन टांगतात. आठ जणींनी मिळून ते वजन वर उचलायचं आणि हवेत स्थिर धरून ठेवायचं. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. इथे लबाडीला जागा नाही. आठांतल्या एकीने जरी हात सैल सोडला, तरी वजन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खाली येऊ लागतं.

चाळीस टनांचा दोर

स्पर्धेचे नियम आले ते युरोपातून. दोर ओढणं मात्र आशियात शतकानुशतकांचं आहे. चीनमध्ये तांग राजवटीच्या काळातल्या लिखाणात या खेळाचं वर्णन सापडतं. जाड दोराला शेकडो बारीक दोर जोडायचे आणि दोन्हीकडून माणसांच्या रांगांनी ओढायचं. ८व्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट चुंगत्सुंगने आपल्या मंत्र्यांना आणि सेनापतींनाही दोराला लावलं होतं. दोन वयोवृद्ध मंत्री दोरासोबत पडले आणि त्यांना लवकर उठताच आलं नाही, अशी नोंद आहे.

दक्षिण कोरियातल्या तांगजिन भागात किजिसी नावाच्या गावी दोर ओढण्याचा मोठा सोहळा होतो. भाताच्या पेंढ्याचा दोर वळायलाच कित्येक दिवस लागतात. लांबी सुमारे २०० मीटर, वजन सुमारे ४० टन. नदीच्या वरच्या अंगाची गावं एका बाजूला, खालच्या अंगाची दुसऱ्या. वरची बाजू जिंकली तर देशात शांतता नांदते आणि खालची जिंकली तर पीक चांगलं येतं, अशी तिथली समजूत. ओढतात सगळे जिवाच्या आकांताने, पण निकाल कोणताही लागला तरी गावाचं भलंच होणार असतं. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या नाहा शहरातही ऑक्टोबरात असाच पेंढ्याचा महाकाय दोर रस्त्यावर येतो. दोन अर्ध्या दोरांची तोंडं एकमेकांत अडकवून मध्ये मोठा दांडा घालतात आणि हजारो लोक ओढायला लागतात.

कंबोडियात नववर्षाच्या वेळी दोर ओढण्याची प्रथा आहे आणि तिचं नातं समुद्रमंथनाशी जोडलं जातं. अंकोरवाटच्या भिंतीवर ४९ मीटर लांबीचं मंथनाचं शिल्प आहे. वासुकीला एका बाजूने ९२ असुर धरून आहेत आणि दुसऱ्या बाजूने ८८ देव. रवी, डेरा आणि दोर माहीत असलेल्या मराठी माणसाला तिथे वाटाड्याची गरज पडत नाही. २०१५ साली कंबोडिया, फिलिपिन्स, दक्षिण कोरिया आणि व्हिएतनाम या चार देशांच्या दोर ओढण्याच्या विधी आणि खेळांना मिळून युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

दोर तुटतो तेव्हा

या परंपरांतले दोर जाड पेंढ्याचे असतात आणि ते वळणाऱ्यांना दोराची जात ठाऊक असते. ज्ञान नसताना गर्दी जमवली की काय होतं, याची दोन उदाहरणं सांगायलाच हवीत.

१९७८ साली अमेरिकेतल्या हॅरिसबर्गजवळ एका शाळेत विक्रमासाठी दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना एका नायलॉनच्या दोराला लावलं. दोर तुटला. अनेक मुलं जखमी झाली, काहींची बोटं गेली. १९९७ साली तैपेईत ऑक्टोबरमधल्या एका सार्वजनिक समारंभात सुमारे १,६०० लोकांनी दोर ओढला. तोही तुटला आणि दोन पुरुषांचे हात खांद्याच्या खालून तुटले. शल्यचिकित्सकांनी ते पुन्हा जोडले.

हिशेब करून बघावा. एका बाजूला ८०० माणसं आणि प्रत्येकाचा जोर नुसता ४० किलोंचा धरला, तरी दोरावर ३२ टनांचा ताण येतो. त्यात नायलॉन रबरासारखा ताणला जातो. तुटला की त्यात साठलेली सगळी ऊर्जा एका क्षणात मोकळी होते आणि दोराची टोकं आसुडासारखी मागे येतात. हाताला दोर गुंडाळलेला असेल तर तो सोडायलाही वेळ मिळत नाही. म्हणूनच नियमांत गाठ नाही, फास नाही, मनगटाला वेढा नाही. आठ विरुद्ध आठ ही मर्यादा निव्वळ सोयीसाठी ठेवलेली नाही.

वडंवली ते पोलीस मैदान

भारतात या खेळाचं सर्वांत मोठं वेड केरळात आहे. तिथे त्याला वडंवली म्हणतात. ओणमच्या दिवसांत गावोगाव स्पर्धा होतात आणि मलबार भागात तर रात्री दिव्यांच्या उजेडात हजारो प्रेक्षकांसमोर सामने चालतात. संघांची नावं लोकांच्या तोंडी असतात. कोट्टायम जिल्ह्यातल्या नीलूर गावच्या 'आहा' या गाजलेल्या संघाच्या प्रेरणेने २०२१ साली त्याच नावाचा मल्याळम चित्रपट आला. केरळातली माणसं कामासाठी आखातात आणि ब्रिटनमध्ये गेली, तिथेही दोर सोबत गेला.

महाराष्ट्रात 'रस्सीखेच' हा शब्द रोज छापून येतो, पण बहुधा मंत्रिपदाच्या किंवा जागावाटपाच्या बातमीत. खेळ म्हणून तो शाळेचं स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातल्या स्पर्धा, पोलिसांच्या आणि कारखान्यांच्या क्रीडामेळाव्यांत भेटतो. दिवसाच्या शेवटी, बक्षीस समारंभाच्या आधी, सगळ्यांना हसत-हसत ओढायला लावायचा कार्यक्रम म्हणून. जोर लगाके हैशा म्हणायचं, पडायचं, कपडे झटकायचे. त्यापलीकडे त्याचे नियम, गट आणि राष्ट्रीय स्पर्धा आहेत हे अनेक क्रीडाशिक्षकांपर्यंतही पोचलेलं नसतं.

वास्तविक टग ऑफ वॉर फेडरेशन ऑफ इंडिया ही राष्ट्रीय संघटना देशात काम करते आणि राज्यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. २०२० साली केंद्र सरकारने क्रीडा कोट्यातल्या नोकरभरतीसाठी २० नवे खेळ यादीत घेतले आणि ती ६३ खेळांची झाली. त्या विसांत मराठी माणसाच्या जवळचा मल्लखांब होता, पुण्यात जन्मलेला रोल बॉल होता आणि रस्सीखेचही होती. खेड्यातल्या एखाद्या मुलीसाठी या ओळीचा अर्थ मोठा आहे. तिला महागडी बॅट नको, तरणतलाव नको. एक दोर, एक काटा, थोडी मोकळी जमीन आणि सोबत सात मैत्रिणी हव्यात.

क्रीडाशिक्षकाला सुरुवात करायला फार काही लागत नाही. नायलॉनचा बारीक दोर बाजूला ठेवून काथ्याचा किंवा सुताचा जाड दोर आणायचा. मधोमध लाल पट्टी, चार-चार मीटरवर पांढरी. मैदानावर फक्कीने एक रेघ. मुलांची निवड उंची बघून न करता काट्यावर उभं करून करायची आणि दोन्ही बाजूंची बेरीज सारखी येईपर्यंत अदलाबदल करायची. बिनबुटांच्या मुलांसमोर बूटवाले उभे करायचे नाहीत. मनगटाला दोर गुंडाळू द्यायचा नाही. मग पहिला आठवडा ओढायला लावायचंच नाही. फक्त दोर धरून मागे रेलायला आणि एका आवाजावर एकदम टाच रोवायला शिकवायचं. दोर ताठ होतो, लाल पट्टी फक्कीच्या रेघेवर येऊन थरथरते आणि आठही मुली बाजूला उभ्या असलेल्या बाईंच्या आवाजाची वाट पाहत श्वास रोखून थांबतात.